घरातला मटार : हिवाळ्यात खिडकीशी होणारी शेती

दिवाळी सरते, सकाळच्या मिस्सेला निघताना अंगावर शाल घ्यावीशी वाटते आणि बाजारात मटाराच्या शेंगांचे हिरवे ढीग दिसू लागतात. ज्यांच्या दारात वाडी आहे त्यांना या दिवसांत काय पेरावे हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबे आता इमारतींत राहतात. अंगण नाही, विहीर नाही. आहे ती एक खिडकी किंवा हातभर गॅलरी. घरातल्या आजी-आजोबांच्या हातांना मातीची सवय आहे, पण माती चार मजले खाली राहिली. नातवंडांना मटार ठाऊक आहे तो फ्रीजमधल्या पिशवीतला. तो वेलीवर कसा धरतो हे त्यांनी पाहिलेले नाही. अशा घरांत हिवाळ्यात मटार पिकवता येईल काय, या प्रश्नाचा येथे आम्ही थोडा विस्ताराने विचार करणार आहोत.

उत्तर प्रथमच सांगतो : होय, पिकवता येतो, मात्र त्याच्याकडून काय मागायचे हे आधी ठरवावे लागते. वाटाणा हे मोठे स्वावलंबी झाड आहे. उगवण्यासाठी लागणारी शिदोरी तो दाण्यातच घेऊन येतो, वाढीसाठी लागणारा नत्र तो हवेतून मिळवू शकतो आणि फळधारणेसाठी त्याला मधमाशीची वाट पाहावी लागत नाही. दोन गोष्टी मात्र त्याला स्वतः निर्माण करता येत नाहीत : प्रकाश आणि गारवा. घरात मटार लावणे म्हणजे या दोन गोष्टींची तजवीज करणे. बाकीचे काम तो करतो.

मठाच्या बागेतील वाटाणा

छपराखाली कुंडीत वाढवलेल्या वाटाण्याचा एक प्रसिद्ध दाखला ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. ग्रेगोर मेंडेल (१८२२–१८८४) हे ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात ते १८४३ साली दाखल झाले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८५४ पासून त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण जमवून दोन वर्षे पारखले, त्यांतील २२ निवडले आणि १८५६ ते १८६३ या काळात सुमारे २८,००० झाडांवर प्रयोग केले. १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्यांनी आपले निष्कर्ष ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचले. ते १८६६ साली छापून आले. त्यांचे खरे मोल जगाला कळले ते १९०० साली, मेंडेल यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया अशा रीतीने एका मठाच्या भाजीच्या वाफ्यात घातला गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, मेंडेल यांची बहुतेक झाडे बागेत होती, तरी काही झाडे ते कुंड्यांत लावीत आणि फुलोऱ्याच्या काळात मठाच्या काचगृहात ठेवीत. बाहेरच्या झाडांवर कीटक बसून परागांची सरमिसळ होत नाही ना, हे पडताळून पाहण्यासाठी ही आतली झाडे होती. कीटकांवाचूनही त्यांना दाणे धरले, कारण वाटाण्याचे फूल उमलण्यापूर्वीच, पाकळ्या मिटलेल्या असतानाच, त्याचे परागीकरण त्याच फुलात होऊन जाते.

घरातील शेतीसाठी हा गुण फार मोलाचा आहे. दुधी, कारले किंवा भोपळा बंद खोलीत लावला तर नरफुलातील पराग आपल्याला हाताने मादीफुलावर न्यावे लागतात, नाहीतर फळ धरत नाही. वाटाण्याच्या बाबतीत ती चिंता नाही. चौथ्या मजल्यावर मधमाशी आली नाही तरी शेंग धरते.

गुळगुळीत आणि सुरकुतलेला

मेंडेल यांनी अभ्यासलेल्या सात लक्षणांपैकी एक म्हणजे वाळलेल्या दाण्याचा आकार. संकरातून आलेल्या पिढीच्या झाडांवर त्यांनी ७,३२४ दाणे मोजले. त्यांत ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. दाणा का सुरकुततो हे मात्र १९९० साली उलगडले. सुरकुतलेल्या वाणात स्टार्च तयार करणाऱ्या एका विकराचे जनुक बिघडलेले असते. त्यामुळे दाण्यात स्टार्च कमी आणि साखर जास्त राहते. साखरेमुळे हिरवा दाणा अधिक पाणी धरून ठेवतो आणि वाळताना ते पाणी गेले की साल आकसते.

बियाणे निवडताना या माहितीचा थेट उपयोग होतो. हिरवा, गोड मटार हवा असेल तर सुरकुतलेल्या दाण्याचे बियाणे घ्यावे. आपल्याकडे सहज मिळणारा ‘अर्केल’ हा वाण याच प्रकारचा आहे. तो मूळचा परदेशातला. झाड दीड-दोन फुटांपलीकडे जात नाही आणि पेरणीपासून सुमारे ५५ ते ६० दिवसांत पहिली तोडणी होते. ‘बोनव्हिले’ हा दुसरा जुना वाण चांगला आहे, पण त्याला सुमारे तीन महिने लागतात. किनाऱ्यावरच्या आखूड थंडीत तेवढा अवधी मिळत नाही. किराणा दुकानातला पांढरा वाटाणा गुळगुळीत असतो. तो उसळीला योग्य आणि उगवायला काटक. पण त्याच्या हिरव्या दाण्याला मटाराची गोडी नसते.

दोनांपैकी एक वाट

घरातल्या वाटाण्याकडून दोन प्रकारची अपेक्षा ठेवता येते. पहिली, कोवळ्या शेंड्यांची. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आपल्याला परिचित आहे. वाटाण्याचा पालाही तसाच खाल्ला जातो आणि त्याला ताज्या मटाराचीच चव असते. दोन आठवड्यांत तो कापणीला येतो आणि त्याला कडक ऊन लागत नाही. दुसरी अपेक्षा, भरलेल्या शेंगांची. तिला दोन महिने, खोल कुंडी आणि रोजचे चार-पाच तास थेट ऊन हवे.

आपली खिडकी कोणत्या कामाची हे ओळखण्याची युक्ती साधी आहे. दुपारी बाराच्या सुमारास खिडकीशी, जेथे कुंडी ठेवायची तेथे, कागदावर हात धरावा. सावली गडद आणि रेखीव पडली तर शेंगांची आशा धरावी. सावली पुसट असेल तर शेंड्यांवर समाधान मानावे. सावली दिसतच नसेल तर दिव्याचा प्रकाश दिल्याखेरीज काहीच लावू नये. अपुऱ्या उजेडात झाड प्रकाश शोधत लांबट, फिकट आणि लुळे होत जाते.

हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम. डिसेंबरच्या अखेरीस वसई-मुंबईच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन घरात दूरवर येते. जूनमध्ये तोच सूर्य माथ्यावर असतो आणि त्याच खिडकीत ऊन शिरत नाही. म्हणजे घरात पीक घेण्यास दिवसांची लांबी कमी असूनही हिवाळाच अनुकूल ठरतो. पूर्वेची खिडकीही चालते. पश्चिमेचे ऊन मात्र दुपारनंतरचे, तापलेले असते. तेथे पातळ पांढरे कापड आडवे लावावे.

गारव्याचे गणित

वाटाण्याचा दाणा ५ अंश सेल्सियसलाही हळूहळू उगवू शकतो. २२ अंशांच्या आसपास तो उत्तम उगवतो. झाडाच्या वाढीला १३ ते १८ अंश तापमान सर्वांत मानवते. पारा ३० अंशांच्या वर गेला की फुले गळतात, शेंगा अर्धवट भरतात आणि दाणे लवकर जून होतात. किनाऱ्यावरच्या आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीतही दुपारचे तापमान तिशीच्या घरात जाते; रात्रीचा गारवा हाच आपला आधार. नाशिक-पुण्याकडे थंडी अधिक काळ टिकते, म्हणून तेथील वाचकांना हे काम सोपे जाते.

यासाठी तीन पथ्ये पाळावीत. पहिले, तारीख चुकवू नये. शेंगांसाठी पेरणी सर्व संतांच्या सणापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. २ नोव्हेंबरला पेरलेला अर्केल पहिली शेंग नाताळ ते नववर्षाच्या दरम्यान देतो आणि फुलोरा नेमका थंडीच्या दिवसांत येतो. जानेवारीत पेरले तर फुले आणि उन्हाळा यांची गाठ पडते. दुसरे, रात्री कुंडीजवळची खिडकी उघडी ठेवावी. कुंडी फ्रीजच्या मागे, वातानुकूलन यंत्राच्या बाहेर गरम हवा फेकणाऱ्या भागाजवळ किंवा चुलीलगत ठेवू नये. तिसरे, शक्यतो मातीची कुंडी वापरावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने मातीच्या कुंडीतली मुळेही गार राहतात; काळी प्लास्टिकची पिशवी उन्हात तापते.

आणखी एक सूचना आपल्या वसईकर घरांना विशेष लागू आहे. वाटाण्याची रोपे इथिलीन या वायूला अत्यंत संवेदनशील असतात. १९०१ साली सेंट पीटर्सबर्ग येथील दिमित्री नेल्युबोव या संशोधकाच्या लक्षात आले की प्रयोगशाळेच्या अंधारात उगवलेली वाटाण्याची रोपे आखूड, जाड आणि आडवी वाढतात. तीच रोपे बाहेरच्या शुद्ध हवेत सरळ वाढतात. दोष प्रयोगशाळेतील दिव्यांच्या कोळसा-वायूचा होता आणि त्या वायूतील इथिलीन हे त्याचे कारण होते. पिकणारी केळी हाच वायू सोडतात. तेव्हा केळ्यांचा घड ज्या कोपऱ्यात पिकायला टांगला आहे, तेथे वाटाण्याची परात ठेवू नये. धुरापासूनही ती दूर असावी.

शेंड्यांसाठी पेरणी

नाताळच्या गोठ्यात हिरवळ दिसावी म्हणून आपल्याकडे पुष्कळ घरांत डिसेंबरमध्ये ताटलीत नाचणी किंवा राई पेरतात. शेंड्यांची पेरणी ही त्याच सवयीची पुढची पायरी आहे.

दुकानातला साधा, न सोललेला, अखंड पांढरा वाटाणा घ्यावा. वाळलेला हिरवा वाटाणा घ्यायचा असेल तर आधी परीक्षा करावी : काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून ढवळावा आणि अर्धा तास ठेवावा. पाण्यात हिरवा रंग स्पष्ट उतरला तर त्या वाटाण्याला कृत्रिम रंग चढवलेला आहे असे समजावे. तो पेरूही नये आणि खाऊही नये. त्याचप्रमाणे बियाण्याच्या पाकिटातील गुलाबी, लाल किंवा निळसर पूड लावलेले दाणे शेंड्यांसाठी कदापि वापरू नयेत. ती पूड बुरशीनाशकाची असते. असे उरलेले बियाणे शिजवूनही खाण्याजोगे होत नाही. ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

दाणे रात्रभर, म्हणजे आठ ते बारा तास भिजवावेत. त्याहून अधिक काळ पाण्यात राहिले तर त्यांना हवा मिळत नाही आणि ते कुजतात. तळाला छिद्रे असलेल्या दोन-तीन बोटे खोल तबकात ओलसर माती किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा (कोकोपीट) पसरावा, त्यावर दाणे एकमेकांना जेमतेम लागतील असे एका थरात ठेवावेत आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती घालावी. दोन दिवस ओल्या फडक्याने झाकावे. कोंब दिसताच फडके काढून तबक उजेडात न्यावे. रोज थोडे पाणी शिंपडावे, तळाशी साचू देऊ नये.

बारा ते पंधरा दिवसांत शेंडे वीतभर होतात. ते कापताना सर्वांत खालचे पान जेथून फुटते त्या पेराच्या किंचित वर कात्री लावावी. यामागे कारण आहे. वालाचे किंवा चवळीचे रोप उगवताना दाण्याची दोन दले जमिनीच्या वर येतात. वाटाण्याची दले मात्र मातीखालीच राहतात. त्यांतील शिल्लक शिदोरी आणि खालच्या पेरातले सुप्त डोळे यांच्या बळावर कापलेले रोप पुन्हा फुटते. दुसरी कापणी साधारण दोन आठवड्यांनी मिळते, ती पहिलीपेक्षा कमी असते. तिसरीची आशा धरू नये. शेंडे स्वच्छ धुऊन डाळीत, अंड्यात किंवा लसणीच्या फोडणीवर परतून घ्यावेत. लहान मुले, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांनी ते कच्चे न खाता शिजवूनच खावेत. दाट, ओलसर पेरणीत जंतू वाढण्याची शक्यता असते.

शेंगांसाठी कुंडी

शेंगांसाठी एक फूट रुंद आणि निदान नऊ-दहा इंच खोल कुंडी घ्यावी. दोन भाग चांगली माती, एक भाग मुरलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट असे मिश्रण करावे. युरियासारखे नत्रयुक्त खत घालू नये. त्याने पाला माजतो आणि फुले उशिरा येतात.

नत्राची सोय वाटाणा रायझोबियम जातीच्या जिवाणूंच्या साहाय्याने करतो. हे जिवाणू मुळांत शिरतात, तेथे गाठी तयार होतात आणि त्या गाठींत हवेतील नत्राचे झाडाला उपयोगी रूपांतर होते. परंतु हे जिवाणू सर्व कडधान्यांचे एकच नसतात. वाल किंवा चवळी ज्या मातीत पिकली त्या मातीतले जिवाणू वाटाण्याला लागू पडतीलच असे नाही. वाटाणा, मसूर आणि लाख यांचा गट एक आहे. म्हणून पूर्वी वाटाणा किंवा मसूर घेतलेल्या शेतातली मूठभर माती मिळाली तर ती कुंडीत मिसळावी, अथवा कृषी सेवा केंद्रातून वाटाण्यासाठीचे रायझोबियम संवर्धक आणून बियांना चोळावे. मात्र बुरशीनाशक लावलेल्या बियांना ते चोळून लाभ होईलच असे नाही. अशा वेळी ते मातीत मिसळावे.

दाणे बोटाच्या दीड पेराएवढे खोल आणि चार बोटे अंतराने लावावेत. सुरकुतलेला दाणा साखरेमुळे लवकर कुजतो, म्हणून उगवेपर्यंत माती ओलसर असावी, चिखल नसावा. एका कुंडीत दहा दाणे लावून सहा-सात रोपे ठेवावीत.

रोप वीतभर झाले की आधार द्यावा. वाटाण्याच्या पानाच्या टोकाकडील पर्णिकांचेच धाग्यासारखे ताणे होतात आणि ते आधाराला वेटोळे घालतात. हे ताणे नाजूक असल्यामुळे जाड बांबूला त्यांची मिठी बसत नाही. पेन्सिलीहून बारीक काड्या, सुतळी किंवा जुन्या जाळ्याचा तुकडा उत्तम. मेंडेल यांनीही काड्या, झाडांच्या डहाळ्या आणि ताणलेल्या दोऱ्याच वापरल्या होत्या.

पाणी रोज ठरावीक न घालता बोटाने पाहून घालावे. मातीत बोट दोन पेरे खुपसून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. फुलोरा आणि दाणे भरण्याच्या काळात मात्र झाडाला तहानलेले ठेवू नये. अर्केलला पाच-सहा आठवड्यांत फुले येतात आणि त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांत शेंगा भरतात. शेंग फुगीर पण सालीचा हिरवा तजेला कायम असताना तोडावी. एका हाताने देठ धरून दुसऱ्या हाताने शेंग काढावी, नाहीतर फांदी मोडते. वेळच्या वेळी तोडणी केली तर झाड नवी फुले काढते. शेंगा वाळू दिल्या तर आपले काम संपले असे समजून ते थांबते.

घरात तीन उपद्रव प्रामुख्याने दिसतात. शेंड्यांवर हिरवा मावा जमला तर पाण्याच्या धारेने धुऊन काढावा किंवा सौम्य साबणाचे पाणी फवारावे. पानांवर पिठासारखी पांढरी भुरी आली तर ती पाने काढून टाकावीत आणि झाडांत हवा खेळेल असे अंतर करावे. रोपे बुंध्याशी काळी पडून कोलमडली तर पाणी जास्त झाले असे समजावे.

येथे एक गंभीर इशारा दिला पाहिजे. हिवाळ्यात रोपवाटिकांत ‘स्वीट पी’ नावाच्या सुगंधी, रंगीत फुलांची रोपे व बियाणे मिळते. वेदीच्या सजावटीला ती फुले सुंदर दिसतात. त्या वेलीची शेंग मटारासारखीच दिसते, परंतु तिचे दाणे विषारी असतात. घरात लहान मुले असतील तर मटार आणि स्वीट पी शेजारी-शेजारी लावू नयेत.

परदेशस्थ बांधवांसाठी

आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या बांधवांना मटार लावण्यास हिवाळा फार सोयीचा आहे. दुबईत जानेवारीत तापमान साधारण १४ ते २४ अंशांच्या दरम्यान असते. तेथे उन्हाच्या बाल्कनीत शेंगा चांगल्या धरतात.

लंडन किंवा टोरोंटोची अडचण नेमकी उलटी आहे. तेथे गारवा मुबलक, प्रकाश तुटपुंजा. डिसेंबरच्या अखेरीस लंडनचा दिवस आठ तासांहूनही थोडा कमी असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून केवळ १५ अंश वर येतो; टोरोंटोत दिवस सुमारे नऊ तासांचा आणि सूर्य २३ अंशांवर. अशा ठिकाणी शेंगांचा हट्ट न धरता शेंडे घ्यावेत. पांढऱ्या एलईडी नळीखाली वीतभर अंतरावर तबक ठेवून रोज १४ ते १६ तास दिवा चालू ठेवावा. तबक रेडिएटरवर ठेवू नये. खिडकीजवळची, घरातली सर्वांत थंड जागा त्याला द्यावी.

हिशेब

आता प्रामाणिक हिशेब मांडू. नीट वाढलेल्या अर्केलच्या झाडाला कुंडीत आठ-दहा शेंगा धरल्या तर ते चांगले पीक म्हणावे. एका कुंडीत सहा झाडे धरली तर पन्नास-साठ शेंगा, म्हणजे सुमारे पाव किलो. सोलल्यावर दाणे त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतात. दोन कुंड्यांत एका वेळच्या पुलावापुरता मटार मिळेल. बाजारात तेवढ्याला फारसे पैसे पडत नाहीत. तेव्हा भाजीचा खर्च वाचेल म्हणून कोणी हे करू नये.

परंतु या दोन कुंड्यांतून जे मिळते ते बाजारात मिळत नाही. तोडलेल्या मटारातील साखरेचे तासागणिक स्टार्च होत जाते. वेलीवरून तोडून तेथेच सोललेल्या दाण्याची गोडी कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांचे शिक्षण. चार आठवड्यांचे एक रोप हलकेच उपटून मुलांना मुळांवरच्या गाठी दाखवाव्यात. एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर ती काम करते आहे. आपल्या रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्याच्या जवळचे एक द्रव्य तेथे असते. मग एक न उमललेली कळी उघडून आत पराग आधीच सांडलेले दाखवावेत. पाठ्यपुस्तकातले मेंडेल त्या मुलांना नुसत्या नावापुरते राहणार नाहीत.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांचे काम परत मिळते. माती किती ओली असावी, काडी कोठे रोवावी, शेंग केव्हा तोडावी हे पुस्तकापेक्षा त्यांच्या बोटांना अधिक कळते. वाडी गेली म्हणून ते ज्ञान निकामी झालेले नाही. त्याला पुढच्या पिढीपर्यंत पोहोचण्यास वाव तेवढा उरला नव्हता. कुंडीची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवावी आणि नातवंडांना त्यांच्या हाताखाली मदतीला द्यावे.

हंगाम संपल्यावर झाडे उपटू नयेत. बुंध्याशी कापून मुळे मातीतच राहू द्यावीत. बराचसा नत्र दाण्यांत गेलेला असला तरी मुळांतला उरलेला मातीला मिळतो. त्या कुंडीत लगेच मेथी पेरावी. पुढच्या हिवाळ्यात वाटाण्यासाठी मात्र नवी माती घ्यावी, कारण मुळे कुजवणारी बुरशी जुन्या मातीत टिकून राहते. आणि काही शेंगा मुद्दाम वेलीवर वाळू द्याव्यात. वाटाण्याचे परागीकरण मिटल्या फुलातच होत असल्याने सरळ वाणाचे घरचे बियाणे मूळ वाणासारखेच निघते. पुढील नोव्हेंबरात पाकीट विकत घेण्याचे कारण उरत नाही.